जॉर्डन : पेट्रा, वादी रम आणि मृत समुद्र खासगी गाइडसोबत पाहताना

निळावंती

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही सहा जण जॉर्डनला जाण्याच्या तयारीत आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत, त्यांपैकी आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही दोघे, अकरावीत शिकणारा मुलगा आणि शुद्ध शाकाहारी नणंद असे उरलेले चौघे. मोठ्या गटाचा वेग आई-बाबांना झेपणार नाही, त्यामुळे खासगी सहल घ्यायची इतके नक्की आहे.

अम्मानमधल्या एका कंपनीने पाच रात्रींचा आराखडा पाठवला आहे. उतरलो की अम्मान. दुसऱ्या दिवशी जेराश आणि अम्मान शहर, तिसऱ्या दिवशी मदाबा, नेबो पर्वत आणि किंग्ज हायवेने करकचा किल्ला पाहून रात्री पेट्रा, म्हणजे डोंगरात कोरलेले प्राचीन शहर. चौथ्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन पेट्रा आणि लगेच वादी रमच्या वाळवंटाकडे प्रस्थान. पाचव्या दिवशी रममध्ये दोन तासांची जीपफेरी, मग मृत समुद्रावर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रात्री परतीचे विमान. या सगळ्या काळासाठी गाडी, चालक आणि एकच इंग्रजी बोलणारा गाइड असेल, असे त्यांनी लिहिले आहे, आणि एकूण खर्चाचा बराच मोठा हिस्सा या गाइडचाच आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे : सर्व दिवस गाइड सोबत असण्याची खरोखर गरज आहे का, पेट्राला दिलेला वेळ पुरेसा आहे का, आणि आईला पेट्रात कुठवर नेता येईल? आराखड्यात काही फिरवाफिरव करता येत असेल तर तेही सुचवावे. रात्री वाढवणे मात्र शक्य नाही.

दुबईकर

दुबईतल्या मराठी मंडळींसाठी जॉर्डन म्हणजे लांबचा शनिवार-रविवार, त्यामुळे निरनिराळ्या पद्धतीने ते पाहून झाले आहे. आपल्याला आलेला आराखडा मी अनेकदा पाहिला आहे, फक्त कंपनीचे नाव बदलते. त्यात सर्वांत महत्त्वाच्या जागेला सर्वांत कमी वेळ दिलेला असतो, कारण कार्यक्रम आखणाऱ्याला स्थळांची यादी लांब दाखवायची असते.

खासगी सहलीत आपण पैसे मोजतो ते गाडीतल्या गार हवेसाठी नसून योग्य घटकेला योग्य ठिकाणी असण्याच्या मुभेसाठी. ती मुभा या आराखड्यात कुठेच वापरलेली दिसत नाही. पेट्रात नऊ वाजता शिरणे म्हणजे अकाबा आणि अम्मानहून येणाऱ्या दिवसभराच्या बसगाड्यांच्या गर्दीत आपणहून सामील होणे. दार सकाळी लवकर उघडते आणि मुक्काम दाराशीच असलेल्या वादी मूसा गावात असेल तर उघडताक्षणी आत जाता येते. पहिला तास-दीड तास आत नेणाऱ्या अरुंद घळीत माणसे तुरळक असतात. घळ संपते तिथे डोंगरात कोरलेली 'खजिना' नावाची वास्तू आहे, तिचे दर्शनी मुख पूर्वेकडे आहे, त्यामुळे त्यावर ऊन सकाळच्या मधल्या वेळी उतरते. वर डोंगरात असलेल्या 'मठ' नावाच्या तशाच वास्तूचे मुख पश्चिमेकडे आहे आणि तो दुपारनंतर उजळतो. सकाळी नऊ ते तीनमध्ये या दोन्ही वेळा साधून डोंगर उतरणे सहा जणांना, त्यातही दोन ज्येष्ठांना, जमणार नाही. पेट्राला दीड दिवस तरी हवाच.

गाइडविषयी एक नियम ध्यानात ठेवावा. जॉर्डनमध्ये पर्यटक-गाडीच्या चालकाला स्थळाच्या आत शिरून माहिती सांगण्याची परवानगी नसते, ते काम पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या गाइडचे आहे आणि तसे ओळखपत्र त्याच्या गळ्यात असते. म्हणून गाइड हवा असेल तर तो त्या-त्या स्थळापुरता घ्यावा. पेट्राच्या अभ्यागत केंद्रात ठरावीक दराने परवानाधारक गाइड मिळतो, जेराशच्या दारातही मिळतो. वादी रममध्ये तर बाहेरची गाडी रम गावापाशीच थांबते, पुढे स्थानिक बेदुईन त्यांच्या जीपने नेतात आणि तेच तिथले खरे मार्गदर्शक असतात. याचा अर्थ आपल्या प्रस्तावातला 'सर्व दिवसांचा' गाइड रममध्ये आपल्यासारखाच मागच्या बाकावर बसून असेल. मृत समुद्रावर तो काय करणार, हे त्यालाच विचारावे लागेल.

तिकिटांसाठी 'जॉर्डन पास' निघण्याआधीच विकत घ्यावा. पेट्राच्या एक, दोन किंवा तीन दिवसांच्या प्रवेशानुसार त्याची किंमत ७०, ७५ आणि ८० दिनार असते. देशात किमान तीन रात्री राहिल्यास ४० दिनारचे व्हिसाशुल्क माफ होते. सुटे घेतले तर दोन दिवसांचे पेट्रा ५५, जेराश १०, वादी रम ५ आणि व्हिसाचे ४० असे ११० दिनार होतात, म्हणजे ७५च्या पासात माणशी ३५ दिनार वाचतात. एक दिनार साधारण १.४१ अमेरिकी डॉलरचा आहे, यावरून अंदाज यावा. पेट्राच्या एका आणि दोन दिवसांत फरक अवघा पाच दिनारांचा आहे. व्हिसाचे नियम आणि हे दर निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहावेत.

पायवाट

दुबईकर यांच्याशी वेळेच्या मुद्द्यावर सहमत आहे, पण मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की पेट्रातही गाइड घेऊ नये. रस्ता एकच आहे, तो चुकता येत नाही. फलक आहेत, नकाशा तिकिटासोबत मिळतो आणि आधी महिनाभर वाचन केले तर गाइड सांगतो त्याच्या दुप्पट आपल्याला ठाऊक असते. मला मिळालेला गाइड घळीतल्या प्रत्येक वळणावर खडकात हत्ती, मासा आणि उंट दाखवत होता आणि चित्रपटांचे चित्रीकरण कुठे झाले ते सांगत होता. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांचे राज्य नेमके कशावर चालत होते, या प्रश्नावर 'व्यापार' एवढेच उत्तर मिळाले. त्याने ओळखीच्या दुकानापाशी मात्र बराच वेळ थांबवले.

खासगी गाडी जरूर घ्यावी, ज्येष्ठांसाठी ती गरजेचीच आहे. गाइडचे पैसे वाचवून हॉटेल दारापासून चालत जाता येईल इतके जवळचे घ्यावे, त्याचा आईंना अधिक उपयोग होईल.

खडककाम

हॉटेल जवळचे घ्यावे हे मान्य, पण गाइड नकोच म्हणणे मला पटत नाही. वाईट गाइड सर्वत्र असतात. वेरूळलाही कैलासासमोर उभे राहून फक्त 'किती लाख टन दगड काढला' एवढेच सांगणारे भेटतात. प्रश्न आपण काय विचारतो याचाही आहे. मी भूशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे, तरी सांगतो : गाइड ठरवताना त्याला एकच गोष्ट विचारावी, की पेट्रात पाणी कुठून येत होते आणि कुठे जात होते हे तो चालत-चालत दाखवू शकेल का. ज्याला हे दाखवता येते त्याला बाकीचेही येते.

पेट्रात वर्षाला सरासरी १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मोजक्या सरींत. अशा जागी राजधानी वसवायची तर दोन परस्परविरुद्ध कामे साधावी लागतात : तहानेसाठी थेंब न थेंब साठवायचा आणि अचानक येणारा लोंढा शहराबाहेर वळवायचा. सीक नावाची जी सुमारे १.२ किलोमीटरची घळ आहे, ती मुळात पाण्याने कोरलेली नाही. भूहालचालींमुळे वालुकाश्माचा डोंगर उभा चिरला गेला आणि मग पाण्याने ती चीर रुंद आणि गुळगुळीत केली. वादी मूसाचा ओढा याच घळीतून वाहत असे. नबातींनी घळीच्या तोंडाशी बंधारा घातला, बाजूचा डोंगर पोखरून बोगदा काढला आणि लोंढा दुसऱ्या घळीतून फिरवून नेला. त्यानंतरच सीक हा राजमार्ग होऊ शकला. घळीच्या एका भिंतीत खोदलेला पाट आणि दुसऱ्या भिंतीतल्या खाचेत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्यांचे अवशेष आजही दिसतात, पण कुणी बोट दाखवल्याशिवाय नजर तिथे जात नाही, कारण सगळे जण वर पाहत असतात.

मधल्या शतकांत बंधारा ढासळला. १९६३ साली घळीत अचानक पूर आला आणि वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यानंतर नबातींच्याच जागी नवा बंधारा उभारण्यात आला. घळीच्या तोंडाशी उजव्या हाताला बोगद्याचे तोंड दिसते, तिथे मुलाला दोन मिनिटे उभे करावे.

वेरूळचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. कैलासाप्रमाणेच पेट्रातली मुखेही वरून खाली कोरत आणली आहेत. कस्र अल-बिंत या मंदिराजवळ एक अपुरे राहिलेले थडगे आहे, त्यात वरचा भाग घडवलेला आणि खालचा डोंगर तसाच, त्यामुळे कामाची रीत तिथे उघडीच पडते. फरक असा की वेरूळला कारागिरांनी कठीण बेसाल्ट पोखरून आत-बाहेर संपूर्ण मंदिर सोडवून काढले, तर पेट्रात मऊ वालुकाश्मावर सगळी कारागिरी दर्शनी भागातच आहे. जवळजवळ ४० मीटर उंचीच्या खजिन्यामागची दालने साधी, चौकोनी आणि कोरी आहेत, आणि तिथे पर्यटकांना आत सोडत नाहीत. कैलास पाहिलेल्या मुलाला हे आधी सांगितले नाही तर त्याचा हिरमोड होण्याची शक्यता आहे. त्याने राजथडग्यांपैकी कलश-थडग्यात जरूर शिरावे. तिथल्या छतावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांनी आलेले तांबडे, पिवळे, जांभळे पट्टे आहेत. ते निसर्गाचे काम आहे, पण दालन खोदणाऱ्याने ते उघड केले.

ताम्रपट

पायवाट यांच्या 'व्यापार' या उत्तराला जोड देतो, कारण त्यात आपला थेट संबंध आहे. नबातींची भरभराट दक्षिण अरबस्तानातून उंटांच्या तांड्यांनी येणाऱ्या धूप आणि बोळ या सुगंधी डिंकांवर झाली. पाणी, मुक्काम आणि संरक्षण यांचा मोबदला ते वसूल करत. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तांबड्या समुद्रावरच्या ल्यूके कोमे या बंदरातून नबातींचा राजा मलिखस याच्या पेट्राकडे रस्ता जातो, असे नोंदवले आहे. त्याच पुस्तकात पुढे पैठण आणि तेर इथून गाड्यांवर लादून भडोचला जाणाऱ्या मालाचा, तसेच कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख येतो. एकाच माणसाच्या लेखणीत पेट्रा आणि पैठण दोन्ही आहेत, हे मराठी माणसाने पेट्रात जाताना सोबत न्यावे असे मला वाटते.

रोमनांनी इ.स. १०६ मध्ये हे राज्य खालसा केले. व्यापार समुद्रमार्गाकडे सरकत गेला, ३६३ साली मोठा भूकंप झाला, तरी शहर लगेच ओस पडले नाही. तिथे बायझंटाइन काळातल्या चर्चची मोझेकची जमीन आहे आणि त्याच चर्चच्या एका खोलीत १९९३ साली जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या, ज्यांत सहाव्या शतकातल्या मालमत्तेचे, वारशाचे आणि करांचे व्यवहार नोंदलेले आहेत. बर्कहार्ट या स्विस प्रवाशाने १८१२ साली पेट्रा 'शोधले' असे सांगणारा गाइड असेल तर त्याला हे विचारून पाहावे. स्थानिक बेदुईनांना जागा ठाऊकच होती, बर्कहार्ट मुस्लिम यात्रेकरूच्या वेशात त्यांच्यापैकीच एका वाटाड्यासोबत आत गेला होता. खजिन्याच्या पुढ्यातल्या जमिनीखाली थडगी असल्याचे २००३ मध्ये दिसले आणि २०२४ मध्ये तिथल्या एका थडग्यात १२ सांगाडे सापडल्याचे जाहीर झाले. काम अजून चालू आहे, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचे पाठांतर म्हणून दाखवणारा गाइड आणि वाचत राहणारा गाइड यांतला फरक चटकन कळतो.

गाइड एकाच ठिकाणी परवडणार असेल तर माझे मत जेराशच्या बाजूने आहे. पेट्रा डोळ्यांना एकदम भिडते, जेराश समजावून घ्यावे लागते. हेड्रियन बादशहा १२९-१३० च्या हिवाळ्यात आला म्हणून उभारलेली कमान, लंबवर्तुळाकार चौक, रथाच्या चाकांनी झिजलेल्या फरसबंदीचा लांबलचक मुख्य रस्ता आणि त्याखालची गटारे, हे सर्व सलग पाहिल्यावर एका प्रांतिक रोमन शहराचा दिवस कसा जात असेल ते उमगते. आर्टेमिसच्या मंदिरापुढचे अकरा स्तंभ अजून उभे आहेत आणि जोराच्या वाऱ्यात ते किंचित डोलतात. गाइड खाली चमचा किंवा किल्ली अडकवून ती हलताना दाखवतात. हा खेळ वाटतो, पण ७४९ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला आणि हे स्तंभ राहिले, हे ध्यानात घेतले तर तो खेळ राहत नाही.

निळावंती

सर्वांचे मनापासून आभार. गाइड स्थळापुरता घ्यायचा, हे आता पटले आहे आणि कंपनीला तसे कळवलेही. त्यांनी थोडी खळखळ केली, पण मान्य केले. आईविषयी अजून स्पष्ट होत नाही. ती सपाटीवर सावकाश दोन-तीन किलोमीटर चालते, पायऱ्या मात्र टाळते. कंपनीने 'आत घोडे आणि गाढवे मिळतात, काळजी नको' असे लिहिले आहे.

दुबईकर

त्या आश्वासनावर विसंबू नये. अभ्यागत केंद्रापासून खजिन्यापर्यंत साधारण दोन किलोमीटर आणि कस्र अल-बिंतपर्यंत सुमारे चार किलोमीटर अंतर आहे. जाताना सौम्य उतार, म्हणून येताना चढ, आणि तो दिवसाच्या अखेरीस येतो. तिकिटात धरलेली घोड्याची रपेट फक्त घळीच्या तोंडापर्यंतच्या पहिल्या टप्प्यासाठी असते आणि तिथे बक्षिशी अपेक्षित असते, ती आधीच बोलून घ्यावी. पूर्वीच्या घोडागाड्यांच्या जागी आता विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या केंद्रापासून खजिन्यापर्यंत जातात. त्यांचे शुल्क वेगळे आहे आणि दुपारी परतताना रांग लागते. आईंनी जाताना घळ चालावी, कारण घळीची मजा चालण्यातच आहे, आणि येताना ही गाडी घ्यावी. खजिन्यापासून रंगमंडप आणि राजथडग्यांच्या पायथ्यापर्यंत वाट सपाट आहे. तिथे चहाची दुकाने आणि बसायला जागा आहे.

मठाला ८०० हून अधिक पायऱ्या आहेत, झिजलेल्या आणि काही ठिकाणी दरीच्या कडेने जाणाऱ्या. गाढवावरून तो चढ चढणे ज्येष्ठांसाठी धोक्याचे आहे आणि उतरणे त्याहून धोक्याचे. जनावरांचे हाल होतात हा मुद्दा वेगळा आणि माझ्या मते पुरेसा. मुलगा आणि आपण दोघांनी दुसऱ्या दिवशी मठ करावा. खजिन्यासमोर काही तरुण 'वरून फोटो काढायला नेतो' म्हणून बाजूच्या कड्यावर चढवतात, तिकडे मुलाला जाऊ देऊ नये. वरून खजिना पाहायचा असेल तर राजथडग्यांकडून अल-खुब्था डोंगरावर जाणारी पायऱ्यांची आखलेली वाट आहे. ती लांब आहे, पण नीट आहे.

आई-बाबांसाठी खरी जागा म्हणजे पेट्राजवळचे 'छोटे पेट्रा' हे वेगळे ठिकाण. गाडी अगदी जवळ जाते, घळ आखूड आहे, गर्दी कमी आणि तिकीट नाही. तिथल्या एका खोलीच्या छतावर द्राक्षवेली आणि पक्ष्यांची नबाती काळातली चित्रे राहिली आहेत, मात्र ती वरच्या बाजूला आहेत आणि त्यासाठी थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात. आपण तिघे मठावर असताना चालकाने आई-बाबा आणि आपल्या नणंदबाईंना तिकडे न्यावे. गाडी खासगी असण्याचा फायदा इथे दिसतो.

शेवंती

नणंदबाईंच्या जेवणाविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. शहरांत काहीच अडचण नाही : फूल म्हणजे शिजवलेले बाकला, हुम्मुस, भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल, फलाफल, लसणीवर परतलेली टोमॅटोची गलाया आणि लबने दही यांवर शाकाहारी माणूस आनंदाने राहतो. मन्सफ आणि बहुतेक वेळा मकलूबा हे मांसाहारी असतात. खबरदारी घ्यायची ती वादी रममध्ये. तिथले जर्ब हे जेवण वाळूत पुरलेल्या भट्टीत, एकावर एक जाळ्या रचून शिजते, आणि भाज्या मांसाच्याच भट्टीत, पुष्कळदा त्याच्या खालच्या जाळीवर असतात. 'भाज्या आहेत' हे उत्तर खरे असते, पण पुरेसे नसते. शुद्ध शाकाहारी व्यक्तीसाठी वेगळ्या भांड्यात, गॅसवर काहीतरी करा असे कॅम्पला आदल्या दिवशी कळवावे. आमच्या कॅम्पने मसुराचे सूप आणि भात केला होता.

कॅम्प निवडताना तो राखीव क्षेत्राच्या आत आहे की दिसी गावाच्या बाजूला, हे विचारावे. दोन्हीकडे सोयी चांगल्या आहेत, पण दिसीच्या बाजूने मुख्य वाळवंटात यायला वेळ जातो. त्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी असते. ज्येष्ठांसाठी तंबूला जोडून स्वच्छतागृह आणि खोलीत उष्णता देणारे यंत्र आहे का, हे लेखी घ्यावे. पारदर्शक घुमटाचे तंबू छायाचित्रांत सुरेख दिसतात, पण सकाळी ऊन थेट अंगावर येते.

दोन तासांची जीपफेरी मात्र फार तोकडी आहे. पाठच्या उघड्या बाकांऐवजी बंद गाडी मागावी, आई-बाबांना वारा आणि धूळ लागणार नाही.

खडककाम

रममध्ये चार तास तरी हवेत, आणि तेही सूर्य कलल्यानंतरचे. २०११ साली युनेस्कोने वादी रमला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा मानले. खडकांवरची सुमारे २५,००० चित्रे आणि २०,००० लेख हे त्याचे एक कारण. खजअली घळीत पाऊलखुणा, माणसे आणि समूदी या प्राचीन लिपीतल्या ओळी अगदी हाताच्या अंतरावर दिसतात, अर्थात हात लावू नये. डोंगरांच्या पायथ्याशी करडा ग्रॅनाइट आणि त्यावर शेकडो मीटर वालुकाश्म अशी रचना आहे. पावसाचे पाणी वालुकाश्मात मुरते, ग्रॅनाइटला अडते आणि त्या सांध्यावर झरा होऊन बाहेर येते. रम गावाच्या वर, अंजिराची आणि पुदिन्याची हिरवी रेघ दिसेल तिथे हा सांधा आहे, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर नबातींनी पायथ्याशी मंदिर बांधले. याच परिसराखालच्या वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वी मुरलेले पाणी २०१३ पासून ३२५ किलोमीटरच्या नळाने अम्मानला नेले जाते. ते पुन्हा भरून निघणारे नाही. अम्मानच्या हॉटेलात नळ सोडताना हे आठवले तर बरे.

रमहून मृत समुद्राला जाताना चालकाला अकाबावरून वादी अरबाच्या रस्त्याने जायला सांगावे. साधारण चार तास लागतात. सबंध वाट आपण एका प्रस्तरभंगाच्या, म्हणजे भूकवचातल्या भेगेच्या, कडेने जात असतो : अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत आहे आणि आतापर्यंत तो पलीकडच्या बाजूच्या तुलनेत सुमारे १०५ किलोमीटर सरकला आहे. ज्या हालचालीने मृत समुद्राचे खोरे समुद्रसपाटीखाली ४३० मीटरपेक्षा अधिक खचले, तिच्याच भूकंपांनी जेराश आणि पेट्रा पाडले. अवशेष आणि निसर्ग अशी जी दोन यादीपत्रे कंपन्या देतात, ती जॉर्डनमध्ये खरे तर एकच आहेत.

मृत समुद्राची पातळी दर वर्षी एक मीटरहून अधिक उतरते आहे, कारण जॉर्डन नदीचे पाणी वरच्या बाजूलाच इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया या तिन्ही देशांनी वळवले आणि दक्षिणेला खनिज क्षारांसाठी बाष्पीभवनाची तळी केली. पाणी मागे हटल्यावर भूजल जमिनीखालचे मिठाचे थर विरघळवते आणि अचानक खड्डे पडतात, म्हणून हॉटेलच्या आखलेल्या किनाऱ्याखेरीज कुठेही उतरू नये. पाण्यात क्षारांचे प्रमाण साधारण ३४ टक्के आहे. पाठीवर तरंगावे, पोहू नये, डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नये, दाढी आदल्या दिवशी उरकावी. दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. बाबांसाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नोव्हेंबरचा मुद्दा राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर मृत समुद्राजवळच्या घळीत पूर येऊन २१ जण गेले, त्यांत शाळेची मुले बरीच होती, आणि पुढच्याच पंधरवड्यात पेट्रातून हजारो पर्यटकांना हलवावे लागले. ढग डोक्यावर नसताना लोंढा येतो, कारण पाऊस वर पठारावर पडलेला असतो. गाइड किंवा रखवालदार 'बाहेर चला' म्हणाला की छायाचित्र अर्धे सोडून निघावे. वादी मुजिबची पाण्यातून चालायची वाट त्या सुमारास हंगामासाठी बंद असते, मुलाला तिचे स्वप्न दाखवू नये.

निळावंती

आराखडा पुन्हा मांडते. उतरल्यावर अम्मानऐवजी विमानतळाला जवळच्या मदाबात मुक्काम. दुसऱ्या दिवशी नेबो आणि मदाबाच्या चर्चमधला मोझेकचा नकाशा पाहून, करक वगळून, सरळ डेझर्ट हायवेने वादी मूसा. तिसरा पूर्ण दिवस पेट्रा, परवानाधारक गाइड सकाळपुरता. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे मठाकडे आणि आई, बाबा, नणंद छोट्या पेट्राला, मग दुपारी रम. पाचव्या दिवशी सकाळी जीप आणि नंतर वादी अरबाच्या रस्त्याने मृत समुद्र. सहाव्या दिवशी जेराश, तिथला गाइड, आणि रात्री विमान. अम्मान शहर पूर्ण सुटते, त्याचे थोडे वाईट वाटते.

ताम्रपट

अम्मान सुटले तरी चालेल. मदाबाच्या नकाशात जॉर्डन नदीतला एक मासा मृत समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून तोंड फिरवून परत येताना दाखवला आहे. सहाव्या शतकातल्या कारागिराचा हा विनोद मुलाला स्वतः शोधू द्यावा.

दुबईकर

आराखडा उत्तम झाला आहे. तीन गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. चौथ्या दिवशी मठाचा मार्ग उलट्या बाजूने, म्हणजे छोट्या पेट्राकडून डोंगरवाटेने, करता येतो. तसे केले तर सगळे एकाच गाडीने निघू शकाल आणि आपण मठावरून खाली पेट्रात उतराल. त्या वाटेला मात्र स्थानिक वाटाड्या हवा आणि पेट्राचे तिकीट आदल्या दिवशी काढलेले असायला हवे, तिकडे तिकीटखिडकी नाही. सकाळी मठावर सावली असेल, पण वाट स्वतःच इतकी देखणी आहे की त्याची भरपाई होते. रमला दुपारी उशिरा पोहोचाल, तेव्हा जीपफेरीचा अर्धा भाग त्याच संध्याकाळी आणि उरलेला सकाळी असा विभागून मागावा. सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास असतो. शेवटचे म्हणजे जेराशचा दिवस शुक्रवारी येत नाही ना, ते तपासावे. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते, अम्मानची कुटुंबे उत्तरेकडे निघतात आणि संध्याकाळी विमानतळाकडे परतताना रस्ता तुंबतो. शुक्रवार आलाच तर मृत समुद्रावरून सकाळी सातलाच निघावे आणि न्याहारी बांधून घ्यावी.

निळावंती

शुक्रवारच येतो आहे. विमान रात्री साडेदहाचे आहे, त्यामुळे सातला निघून दुपारी दोनपर्यंत जेराश आटोपू. वाटाड्याविषयी कंपनीला आजच विचारते आणि त्यांनी सांगितलेला दर इथे लिहिते.